संक्रांतीचा तिळगूळ, प्रभुभोजन आणि आपल्या मंडळीतले नियम

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

आपल्या सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) नियमांवरून सध्या जे चाललंय, त्यावर मोकळेपणाने बोलायला हवं म्हणून हा धागा काढते आहे. मंडळी कुठली ते मी लिहिणार नाही. प्रतिसादातही कुणी कुणाचं नाव घेऊ नये, ही विनंती.

जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरला होता. संक्रांतीला आमच्या मंडळीतल्या एका बाईला शेजारणीने दारात तिळगूळ दिला. तिने तो घेतला आणि तोंडात टाकला. शेजारीण म्हातारी, एकटी राहणारी. हिच्या बाळंतपणात दवाखान्यात रात्रभर उशाशी बसली होती ती हीच. कुणीतरी पाहिलं, गोष्ट मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीपर्यंत गेली, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बाईला निरोप मिळाला की या महिन्यात प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला) पुढे येऊ नका. बाप्तिस्मा घेऊन तिला फार वर्षं झालेली नाहीत. ती मागच्या बाकावर बसून राहिली. त्यानंतर उपासनेला आलेली नाही.

त्याच रविवारी दोन सख्खे भाऊ प्रभुभोजनाला पुढे गेले. वडिलांच्या घरावरून त्यांचा कोर्टात दावा चालू आहे. एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. एक डावीकडच्या रांगेतून गेला, एक उजवीकडच्या. दोघांनी भाकर घेतली, दोघांनी प्याला घेतला. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण आपल्या नियमांच्या यादीत त्याबद्दल काही लिहिलेलंच नाही. यादीत टिकली आहे, प्रसाद आहे, तिळगूळ आहे, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या) शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेची हजेरी आहे, दशांशाचं, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाचं, नाव घातलेलं पाकीट आहे.

बायबलमध्ये मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की वेदीशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. याहून स्पष्ट काय सांगायचं? ही आज्ञा आहे, आणि ती आपल्या यादीत नाही. तिळगुळाबद्दल प्रभूचा एक शब्दही नाही, आणि तो यादीत आहे.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. आज्ञापालन म्हणून आपण नेमकं काय मोजतो आहोत, एवढाच माझा प्रश्न आहे.

---

अक्कलकोट_रोड

ताई, सलाम. मी दुसऱ्या मंडळीत पंच आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

आज नियम जाच वाटतात, पण आपले आजे-पणजे ज्या वस्त्यांतून आले तिथे काय होतं ते आठवा. माझा आजोबा गिरणीत होता. पगाराच्या दिवशी गेटबाहेर दारूचं दुकान आणि सावकार दोघेही उभे असायचे. मंडळीचा नियम होता, दारू प्यायलेला माणूस प्रभुभोजनाला येणार नाही. त्या एका नियमाने आमचं घर वाचलं. आजोबाचं मन त्या दिवशी बदललं होतं की नाही हे कुणाला ठाऊक! पगार मात्र घरी आला, माझ्या वडिलांची फी भरली गेली. मन बदलायला पुढे दहा वर्षं लागली असतील. तोवर नियमानेच धरून ठेवलं.

आणि आजची पोरं काय म्हणतात? "देव मन बघतो." शमुवेलाच्या पुस्तकातलं हे वचन बरोब्बर पाठ आहे त्यांना. उपासनेला येत नाहीत, देव मन बघतो. दान देत नाहीत, देव मन बघतो. अंतःकरणातलं आज्ञापालन बाहेर कुठेच दिसत नसेल, तर ते आहे असं मी कशावरून मानू?

भावांच्या दाव्याचं म्हणाल तर ती घरगुती बाब आहे. कोर्टात आहे. त्यात पंचांनी हात घालू नये.

---

सात_रस्ता

काकांच्या पहिल्या मुद्द्याला +१. आमच्या घरातही दारू अशीच सुटली.

---

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

काका, राग कशाला. तुमच्या आजोबांची गोष्ट मला पूर्ण पटते. तो नियम पोराच्या तोंडातला घास वाचवायला होता. पण ज्या नियमाने एक म्हातारी शेजारीण दुखावली जाईल, आणि एक नवी बाई मंडळीतून निघून जाईल, त्याला तीच पुण्याई कशी लावायची?

"देव मन बघतो" म्हणून पळवाट काढणाऱ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. प्रभूने मन बघितलं तेव्हा काम सोपं केलं नाही, कितीतरी अवघड केलं. खून करू नको, एवढा नियम पाळणं आपल्याला जमतं. भावावर उगीच रागावू नको, त्याला वेडा म्हणू नको, हे कुणाला जमलंय? व्यभिचार करू नको हे जमतं, नजर आवरणं जमत नाही. अंतःकरणातलं आज्ञापालन म्हणजे सूट नव्हे. मत्तय २१ मधल्या दोन मुलांपैकी "जातो" म्हणून न गेलेला मुलगा तोंडाने अगदी आज्ञाधारक होता. "नाही जात" म्हणणारा नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला गेला. बापाची इच्छा पूर्ण झाली ती गेलेल्याकडून.

दाव्याबद्दल मात्र मला थांबता येत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा ६ वा अध्याय आहेच की. भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही बाहेरच्यांपुढे, म्हणून पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना लाज वाटायला लावतो. तो म्हणतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही? त्याने ते घरगुती म्हणून सोडून दिलं नाही.

---

घरकुल

पहिल्यांदाच लिहिते आहे. नेहमी फक्त वाचते.

आम्ही कुंभारीकडे राहतो. आई विड्या वळते, मी शाळेत असल्यापासून बघते आहे. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा मोजून मिळतो. रात्री पानं भिजवायची, सकाळी कात्रीने कापायची, मग सुपात घेऊन दिवसभर वळायचं. संध्याकाळी विड्या ब्रँचला (कारखान्याच्या विड्या घेणाऱ्या शाखेत) नेऊन द्यायच्या. तिथे चेकर बसलेला असतो. तो बंडल उचलतो, दाबून बघतो, सैल वाटलं की सोडतो. तोंड नीट मोडलेलं नाही, पान फाटलंय, तंबाखू कमी भरलाय, असं म्हणून काही विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. आणि बाजूला काढलेली ती विडी बाईला परतही मिळत नाही. ती कुठे जाते हे सगळ्या बायकांना माहीत असतं. फुकटात वळून घेतलेली विडी असते ती.

आमच्या ब्रँचला मध्यंतरी जे चेकर होते, ते आपल्या ख्रिस्ती मंडळीतले. ते काय करायचे? छाट काढायचेच, खराब विडी पास करायचे नाहीत. पण काढलेली प्रत्येक विडी त्या बाईच्या डोळ्यांसमोर दोन बोटांनी मोडून खालच्या टोपलीत टाकायचे. एकेक. म्हणजे ती पुढे कुणाला विकता यायची नाही. मालकाला ते आवडत नव्हतं. पण मोडायची म्हटल्यावर छाट आपोआप कमी झाली, कारण चांगली विडी उगीच मोडण्यात कुणाचाच फायदा नव्हता. तंबाखू देतानाही काटा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय ते पुडी उचलायचे नाहीत. मागे बायकांची रांग ओरडत असली तरी.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "लेवीयात लिहिलंय बाई, खरा काटा, खरी वजनं."

मंडळीच्या वहीत हे कुठेच नाही. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला ते यायचे नाहीत, कारण त्या संध्याकाळी ब्रँचचा आठवड्याचा हिशोब असायचा. म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे फुल्या. एका वार्षिक सभेत "प्रार्थनेत थंड असलेले सभासद" म्हणून जी नावं वाचली, त्यात त्यांचंही होतं. आई त्या दिवशी घरी आली आणि जेवली नाही. ती ख्रिस्ती झाली ती या माणसाकडे बघून.

---

सात_रस्ता

घरकुल ताई, लिहीत राहा.

---

केडगाव_मार्गे

घरकुल ताईंच्या प्रतिसादानंतर खरं तर काही लिहायला नको. पण रेल्वेलाईन्स ताईंनी ज्यावर बोट ठेवलंय तो वाद मराठी ख्रिस्ती लोकांत पहिल्या पिढ्यांपासून आहे, म्हणून थोडा इतिहास.

पुण्याला जाताना आपली गाडी केडगाववरून जाते. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रं वाचली तर लक्षात येतं की भांडण आपल्यासारखंच होतं. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. सिस्टरना हा ताठा वाटला, आज्ञाभंग वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं की मी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, पाळकांच्या आणि बिशपांच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दाला नाही. पंचविशीतली विधवा बाई, परक्या देशात, पदरात लहान मुलगी, ज्यांच्या आश्रयाला राहिली त्यांनाच हे सांगते आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्या बाईने बाहेरच्या नियमांविरुद्ध एवढी झुंज दिली, तिलाही असं वाटलं! म्हणजे नियम झुगारला की मन आपोआप देवाचं होतं, असंही नाही. आपल्या तरुण मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणखी एक. रमाबाईंच्या शारदा सदनात (विधवा आणि मुलींच्या शाळेत) हिंदू मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती. त्यांचं सोवळं, त्यांचा स्वयंपाक वेगळा. स्वतः ख्रिस्ती असलेल्या बाईने दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला एवढी जागा दिली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली याच बाईने उचलून आणल्या. कुठल्याही मंडळीच्या नियमावलीत हे कलम नव्हतं.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हे ख्रिस्ताच्या अनुयायांचं मंडळ काढलं, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्या काळी अनेकांना ते रुचलं नाही.

---

अक्कलकोट_रोड

इतिहास चांगला आहे, पण तिळगुळाचा प्रश्न सुटला नाही. मूर्तीला वाहिलेल्या अन्नापासून दूर राहा, असं प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने ठरवलंय. ते मी माझ्या पदरचं सांगत नाही.

---

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

काका, बरोबर. म्हणूनच हे नीट बघू या, घाईने नको.

यरुशलेमच्या सभेपुढे मूळ प्रश्न होता की परराष्ट्रीयांतून आलेल्यांवर सुंतेचं आणि मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं टाकायचं का. उत्तर आलं, टाकायचं नाही. मग ज्या मोजक्या गोष्टी सांगितल्या, त्यांत हे अन्न आहे, हे खरं. पण पौलाने करिंथच्या मंडळीला हाच विषय पहिल्या पत्रात ८ ते १० अध्यायांत उलगडून सांगितलाय. मूर्तीच्या देवळातल्या पंगतीत बसू नका, तिथे तो ठाम आहे. बाजारात जे मांस विकतात ते मात्र चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढतील ते खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही त्या सांगणाऱ्यासाठी, त्याच्या सदसद्विवेकासाठी.

म्हणजे पौल दर वेळी समोरच्या माणसाकडे बघायला लावतो. कुणाबरोबर बसला आहात? कुणाला अडखळण होईल? कुणाचं भलं होईल? घरी केलेला तिळगूळ, देवापुढे न ठेवलेला, एका म्हातारीने प्रेमाने हातावर ठेवलेला. तो नाकारून कुणाचं भलं होणार होतं? आणि समजा तो नैवेद्याचा असता, तरी त्या बाईला आधी प्रेमाने समजावता आलं असतं.

प्रभुभोजनाचं तर त्याहून गंभीर आहे. "स्वतःची परीक्षा करावी" हे वचन आपण दर महिन्याला वाचतो, पण त्याच्या आधीच्या ओळी वाचत नाही. करिंथमध्ये काय चाललं होतं? ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घ्यायचे, प्यायचे. ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहायचे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं पौल विचारतो. त्यांचं अयोग्य रीतीने भाकर खाणं ते हे होतं! त्याच अध्यायाच्या आधारावर आपण एका गरीब बाईला सगळ्यांदेखत मागच्या बाकावर बसवलं. मला हे सहन होत नाही. म्हणून लिहिते आहे.

---

वसईहून

मी कॅथलिक, माहेर सोलापूरचं. आमच्याकडे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपासाचे दिवस, लेंटचे शुक्रवार मांसाहार वर्ज्य. उपास १८ ते ५९ वयाच्यांना, आजाऱ्यांना सूट. नियम अगदी स्पष्ट. मला तो आवडतो, कारण माझ्या लहरीवर सोडलं तर मी एकही उपास करणार नाही. पण लेंट लागला की मी यशया ५८ वाचते. मला आवडणारा उपास कोणता? अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. त्याच अध्यायात देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा पाहता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. घरकुल ताईंनी लिहिलेल्या छाटीशी हे किती जवळचं आहे.

गेल्या काही लेंटमध्ये आम्ही घरी एक ठरवलंय. मांसाहाराचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे आणि ईस्टरच्या आधी कुणाच्या तरी फीसाठी द्यायचे. कुणाच्या, ते मुलांना सांगत नाही.

---

अक्कलकोट_रोड

घरकुल ताईंचा प्रतिसाद मी काल रात्री घरच्यांना वाचून दाखवला. बायको म्हणाली, तुमच्या वहीत असा रकाना काढता येईल का? मी म्हणालो, नाही येणार. विडी मोडली की नाही हे विचारायला वही घेऊन बसलो, तर पुढच्या वर्षी लोक वहीसाठी विडी मोडतील.

त्यामुळे यादी लांबवून हे सुटेल असं मला वाटत नाही. पण यादी फाडावी असंही अजून वाटत नाही. मत्तय २३ मध्ये पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना प्रभू झापतो, न्याय, दया आणि विश्वास सोडला म्हणून. नियमशास्त्रात दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा. यांनी तो परसातल्या पाल्यापर्यंत नेला. तरी प्रभू काय म्हणतो? हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. मी या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला धरून आहे. तुम्ही सगळ्यांनी मला पहिल्या अर्ध्याकडे ओढलंत, हे मान्य.

---

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

काका, त्या वाक्याचे दोन्ही भाग मलाही हवेत. फक्त प्रभूने त्यातलं महत्त्वाचं कोणतं तेही सांगून ठेवलंय, आणि आपण शिक्षा करतो ती मात्र कमी महत्त्वाच्या गोष्टीसाठी. टिकली लावली तर दंड, भावाशी वैर धरलं तर काही नाही.

अशी उलट रांग का लागते? मला वाटतं, टिकली दिसते. हजेरी मोजता येते. पाकिटावर नाव असतं. पंचांनाही काहीतरी हातात धरायला हवं असतं, आणि जे हाताशी लागतं तेच धरलं जातं. यात कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण अशाने मंडळीतल्या मुलांना वाटायला लागतं की देवाला हेच हवंय. माझी भाची संडे स्कूलमध्ये विचारत होती, "तिळगूळ खाल्ला तर पाप लागतं, मग आजीला वृद्धाश्रमात ठेवलं तर?" बाईंनी विषय बदलला. मार्कच्या ७ व्या अध्यायात प्रभूने नेमकं हेच परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) विचारलं होतं. देवाला 'कुर्बान' म्हणून वाहिलं असं सांगून आईबापांचं देणं चुकवणाऱ्यांबद्दल. आठ वर्षांच्या पोरीला ते दिसलं.

"माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल." योहान १४:१५. यात प्रीती आधी आहे, आज्ञाही आहेत. त्या चेकरसाहेबांना मालकाची भीती नक्की असेल, नोकरीची काळजी असेल. तरी विडी मोडली. हे प्रीतीशिवाय कुणाकडून होत नाही, आणि आज्ञा ठाऊक नसेल तरी होत नाही. लेवीय त्यांनी कुठे ऐकलं असेल? मंडळीतच ना. म्हणून मला मंडळी हवी, वाचन हवं, उपास-प्रार्थनाही हवी.

आता कामाचं. आमच्या पाळकसाहेबांना मी पत्र लिहिलंय. दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, कुणालाही प्रभुभोजनापासून थांबवायचं असेल तर आधी मत्तय १८ प्रमाणे एकट्याने एकट्याशी जाऊन बोलावं, निरोप पाठवू नये. दोन, त्या दोन्ही भावांकडे पाळकसाहेबांनी स्वतः जावं. दावा मागे घ्या असं सांगायला नको, निदान एकमेकांशी बोला एवढं तरी. काका, तुम्ही पंच आहात, भाषा तुम्ही तपासून द्याल का?

---

अक्कलकोट_रोड

पाठवा. "थांबवायचं" च्या जागी "थांबवण्याचा विचार असेल तर" असं घाला, म्हणजे सभेत लवकर मंजूर होईल. आणि तिसरी गोष्ट जोडा. ज्याला थांबवलं त्याच्या घरी पंधरा दिवसांत पंचांपैकी कुणीतरी गेलंच पाहिजे. हा नियम कराच. असे नियम हवेत.

---

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

जोडते. मनापासून आभार.

---

घरकुल

ताई, त्या बाईंना कुणी भेटलंय का अजून? पत्र, सभा, मंजुरी यात महिना जाईल. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं त्या आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या. नाव इथे नको, मला मेसेज करा. त्याच असतील तर आज संध्याकाळी आई आणि मी जाऊन येतो. त्यांच्या शेजारच्या आजींनाही भेटू.

उपासना साडेनऊलाच आहे ना?

---

रेल्वेलाईन्स (धागाकर्ती)

मेसेज केलाय. मार्चपासून साडेआठला, उन्हामुळे.